कोळशाच्या मागावर: ठाणे ते इगतपुरी

१६ एप्रिल १८५३ ही तारीख ठाण्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. बोरीबंदरहून दुपारी साडेतीनच्या सुमाराला निघालेली गाडी, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि पुढे साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. नाना शंकरशेटांचं नावही आपण अभिमानाने घेतो. पण त्या इंजिनांच्या पोटात काय जळत होतं, ते कुठून येत होतं आणि भट्टीत कोण लोटत होतं, हे कुठल्याच समारंभात कानावर येत नाही. आषाढ सरत असताना मामाला आणि माझ्या लेकीला घेऊन मी ठाण्याहून इगतपुरीपर्यंत टप्प्याटप्प्याने जाऊन आले, ती त्या कोळशाच्या मागावर.

मामाशिवाय हा प्रवास झालाच नसता. तो भुसावळच्या शेडमध्ये क्लीनर म्हणून लागला, मग फायरमन झाला. वाफेची इंजिनं गेल्यावर विजेच्या इंजिनावर असिस्टंट, पुढे ड्रायव्हर, आणि कल्याणहून निवृत्त. अजूनही कुठे धूर दिसला की आधी त्याचा रंग बघतो.

शुक्रवार: ठाणे ते मुंब्रा

सकाळी मामलेदारची मिसळ. मामाने मध्यम तिखट घेतली, लेकीने तिखट, आणि दोघांनीही पाण्याचा ग्लास शेवटपर्यंत उचलला नाही. तिथून चालत स्टेशन आणि कल्याणची स्लो.

ठाण्याच्या पुढे रूळ सुरू झाले ते १ मे १८५४ ला. खाडी ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून, दोन लहान बोगद्यांतून गाडी कल्याणला पोचली. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर खाणीचा कोळसा नव्हताच. तो विलायतेहून जहाजाने यायचा, तोही आफ्रिकेला वळसा घालून, कारण सुएझचा कालवा खुला झाला १८६९ मध्ये. मुंबईच्या धक्क्यावर उतरवायचा, टोपल्यांनी वाहायचा आणि मग रेल्वेनेच आपला कोळसा आपल्याच वाघिणींतून पुढच्या स्टेशनांना पुरवायचा. रूळ जितके आत गेले तितका प्रत्येक टोपलीचा भाव चढत गेला. म्हणून तर ही रेल्वे चालवणाऱ्या जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची) नजर देशातल्या खाणींकडे वळली. मध्य प्रदेशात नरसिंहपूरकडची मोहपाणीची खाण १८६०च्या दशकात सुरू झाली आणि १८७०च्या दशकात आपल्या विदर्भात वर्ध्याहून वरोऱ्याला खास कोळशासाठी फाटा टाकला गेला. वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं, पण त्याच्या कितीतरी आधी तिथून कोळशाच्या गाड्या निघत होत्या.

मुंब्र्याला उतरून मुंब्रादेवीच्या पायऱ्या चढलो. पाऊस मध्येच धो धो, मध्येच बंद. अर्ध्या वाटेवर मक्याची कणसं भाजणाऱ्या मावशी भेटल्या. शेगडीवर छत्री धरून एका हाताने पंखा चालला होता. मामा तिथेच उकिडवा बसला. "कोळसा ओला आहे का हो?" मावशी म्हणाल्या, "ओला नाही, हवा ओली आहे. म्हणून खालून मोकळा ठेवायला लागतो, वारं जायला पायजे." मामा माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? ह्यांना फायरमन करायला हवं होतं. फायरमनचं निम्मं काम हेच. जाळीवर खडे साचले की खालची हवा बंद, हवा बंद की वाफ पडली."

वरून खाडी, खारफुटी, रुळांचे पट्टे आणि पारसिकचा डोंगर एकदम दिसतात. जुना मार्ग डोंगराच्या कडेने वळत जातो. त्याचा वळसा वाचवायला सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा खोदला आणि तो १९१६ मध्ये सुरू झाला. त्या वेळी इकडे विजेच्या तारा नव्हत्या, म्हणजे सुरुवातीची वर्षं त्यातून वाफेची इंजिनं गेली. लेकीने विचारलं, मग धुराचं काय करायचे? मामाने खंडव्याच्या बाजूच्या आपल्या अनुभवावरून सांगितलं. बोगदा यायच्या आधीच आग नीट पेटवून ठेवायची, म्हणजे आत गेल्यावर नवा कोळसा टाकावा लागत नाही, कारण नवा कोळसा पडला की काळा धूर उठतो. तरीही ओलं फडकं नाकातोंडावर बांधून खाली वाकून उभं राहायचं. "बाहेर आलो की पहिला श्वास घ्यायचा आणि लगेच पाण्याची काच बघायची. बॉयलरमध्ये पाणी किती उरलंय ते."

जाणाऱ्यांसाठी: पायऱ्या पावसाळ्यात शेवाळतात, चांगली पकड असलेली पादत्राणं घाला. बोगद्याचं तोंड जवळून बघायच्या मोहाने रुळांवर उतरू नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय वळणावर गाडी दिसेपर्यंत ती अंगावर आलेली असते. वरून सगळं छान दिसतं, ढग नसतील तर दुर्बीण न्या.

शनिवार: ठाकुर्ली आणि कल्याण

मला मुळात इथेच यायचं होतं. ठाकुर्लीवरून माझं शेकडो वेळा जाणं झालं असेल, पण उतरून बघायला पाय निघाला नव्हता.

१९२०च्या दशकात मुंबईत कोळशाचा प्रश्न ऐरणीवर होता. पूर्वेकडच्या झरिया-राणीगंजच्या खाणींतला कोळसा रेल्वेने अख्खा देश ओलांडून यायचा. त्यापेक्षा दक्षिण आफ्रिकेहून बोटीने आलेला कोळसा मुंबईच्या बाजारात टक्कर देत होता, आणि त्याचा विचार करायला सरकारला समिती नेमावी लागली. गिरण्यांसाठी टाटांनी घाटात पाणी अडवून वीज काढली: खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. पुढे पुणे आणि इगतपुरीपर्यंत, दोन्ही घाट चढून, तारा न्यायच्या होत्या. एवढ्या कामाला जीआयपीला स्वतःची, हक्काची वीज हवी होती. ती काढायला १९२९ मध्ये ठाकुर्लीला पॉवर हाऊस उभं राहिलं. चोळे गावावरून त्याला चोला पॉवर हाऊस म्हणतात.

आणि ही वीज कशावर निघायची? कोळशावर.

हे मला समजलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते गेलेलं नाही. लोकल विजेवर आली, डब्यांत राख उडायची थांबली, मुंबईच्या रेल्वेने कोळसा सोडला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कोळसा इंजिनाच्या टेंडरमधून, म्हणजे मागे जोडलेल्या कोळशाच्या डब्यातून, उतरला आणि ठाकुर्लीच्या बॉयलरमध्ये गेला. यात शहाणपण होतंच. वाफेच्या इंजिनात कोळशातली शंभरात नव्वदाहून जास्त उष्णता धुराड्यातून आणि वाफेतून निघून जायची. एका ठिकाणी मोठे बॉयलर लावून, टर्बाइन फिरवून, तारेने वीज पाठवली की त्याच कोळशात कितीतरी जास्त गाड्या ओढल्या जायच्या. पण भट्टी होती ती होतीच. तिच्यासमोर घामाने निथळणारी माणसंही होतीच, फक्त ती प्रवाशांना दिसत नव्हती.

पॉवर हाऊस १९८०च्या दशकात बंद पडलं. आत जाता येत नाही, रेल्वेची हद्द आहे, आणि आम्ही प्रयत्नही केला नाही. बाहेरच्या रस्त्याने चालत, जुन्या वसाहतीच्या अंगाने फिरत असताना मामाने एका घराच्या ओट्यावर बसलेल्या आजींना नमस्कार घातला. दोन मिनिटांत कळलं की त्यांचे यजमान पॉवर हाऊसमध्ये बॉयलरवर होते.

"कोणत्या पाळीला असायचे?" मामाने विचारलं.

"तिन्ही पाळ्या बघितल्यात बाबा. रात्रपाळीचा डबा मी आठ वाजता द्यायची. भाकरी, कांदा, आणि ताक मात्र रोज. आगीपुढे उभं राहणाऱ्याला ताक लागतंच."

"बरोबर. आम्ही गुळाचा खडा आणि पाणी."

"आणि धुणं," आजी म्हणाल्या. "पांढरं कापड वाळत घालायचं तर आधी वारा कुणीकडचा ते बघायचं. राख यायची ना. नव्या सुनेला हे पहिलं शिकवायचे."

त्यांनी आम्हाला आत बसवलं, चहा केला, थालीपीठं लावली. वर लोण्याचा गोळा. लेकीने विचारलं, आजी, तुम्ही कधी आत गेला होता का? एकदा, दसऱ्याला, त्या म्हणाल्या. खंडेनवमीची पूजा असायची, त्या वेळी घरच्या माणसांना नेलं होतं. "एवढा मोठा आवाज की ह्यांच्या तोंडाकडे बघूनच काय म्हणतात ते ओळखायचं. घरी हे इतक्या मोठ्याने का बोलतात ते मला त्या दिवशी कळलं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझा नातू रोज लोकलने जातो. त्याच्या आजोबांनी ही गाडी चालवली म्हटलं तर हसतो. म्हणतो, आजोबा ड्रायव्हर कुठे होते?"

मामा गप्प झाला. मग लेकीला म्हणाला, "आजींचं बरोबर आहे. ड्रायव्हर हँडल फिरवतो. गाडी चालवत होते ते ह्यांचे यजमान."

माझं स्पष्ट मत आहे, ठाकुर्ली स्टेशनवर या पॉवर हाऊसची माहिती सांगणारा मोठा फलक हवा. ठाण्याच्या पहिल्या गाडीचा आपण सोहळा करतो, तो करावाच. पण डोंबिवली-कल्याणपर्यंत माणसं राहायला आली, शहरं वाढली, ती ज्या विजेच्या गाड्यांमुळे, त्यांची मोठी भट्टी इथे धगधगत होती. तिथे काम केलेली माणसं ऐंशी-नव्वदीत आहेत. कुणी मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसलं, त्यांचं बोलणं नोंदवून ठेवलं, तरी फार मोठं काम होईल. आजींचं बोलणं त्यांच्या परवानगीने आम्ही रेकॉर्ड केलं आहे.

दुपारी कल्याण. खिडकी वडा खाल्ल्याशिवाय मामा स्टेशनबाहेरून पुढे सरकत नाही. कल्याणचं विजेच्या इंजिनांचं शेड १९२८ पासूनचं, पुलावरून त्याचा थोडा भाग दिसतो. स्टेशनजवळ शहापूर-मुरबाडकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. कर्टोली, फोडशी, टाकळा, भारंगी. भारंगी कडू असते, दोनदा उकळून पाणी टाका आणि कांदा सढळ घाला, असं बजावून एका ताईंनी दोन जुड्या दिल्या. मुक्काम मामाकडे, भाजी मामीने केली आणि कडूपणा अगदी हवा तेवढाच राहिला.

रविवार: कसारा घाट

सकाळच्या एक्स्प्रेसने कल्याणहून निघालो. तिकिटं आधी काढून ठेवली होती. रविवारी मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून घ्याच. खिडकी मिळाली नाही तर दाराशी लटकू नका, घाटात गाडी इतकी हळू चालते की आत उभं राहूनही सगळं दिसतं.

कल्याण ते वाशिंद रूळ १८५५ मध्ये झाले, कसाऱ्याला पोचायला १८६१ उजाडलं आणि घाट चढून इगतपुरीला गाडी लागली ती १८६५ च्या पहिल्या दिवशी. चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली यांनी थळ (म्हणजे हाच कसारा घाट) आणि बोर (खंडाळ्याचा) या दोन्ही घाटांची आखणी केली, पण १८६२ मध्येच ते वारले. कसारा ते इगतपुरी चौदा-पंधरा किलोमीटर, तेवढ्यात सुमारे ९७० फूट चढ. सर्वांत तीव्र जागी ३७ फुटांना एक फूट. रस्त्याने चालताना हा चढ काहीच वाटणार नाही, पण लोखंडावर लोखंड फिरताना तो फार मोठा असतो.

आसनगावपासूनच दोन्ही बाजूंना भातखाचरं, गुडघाभर पाण्यात आवणी चाललेली. कसाऱ्याला गाडी थांबली, मागून इंजिनं जोडल्याचा सौम्य धक्का बसला. ही बँकर. पुढचं ओढतं, मागची ढकलतात. मामा हे सांगत होता. आमच्या समोर एक तरुण बसला होता, ते ऐकून तोही बोलू लागला. तो असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हरचा मदतनीस, निघाला, सुट्टीवर घरी चाललेला. मामाने आपली ओळख सांगताच उठून त्याने वाकून नमस्कार केला.

मग घाट संपेपर्यंत त्या दोघांचंच चाललं होतं, आणि मी नुसती लिहून घेत होते.

१९३० च्या सुमाराला इगतपुरीपर्यंत १५०० व्होल्ट डी.सी.च्या तारा आल्या. मालगाड्यांसाठी जी इंजिनं आणली होती ती स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या इंजिनांच्या जातीची. लांब, दोन्ही बाजूंना नाकं, चाकांना जोडणारे दांडे बाहेर फिरताना दिसायचे. रेल्वेतली माणसं त्यांना खेकडा म्हणायची. मामाने नवखा असताना यार्डात त्यांच्यावर काम केलंय. "चालताना कण्हायचं ते. लांबून कळायचं खेकडा येतोय."

या इंजिनांत एक करामत होती. घाट उतरताना मोटरचा जनरेटर व्हायचा. गाडीचं वजन खाली ओढतंय, त्या ओढीनेच वीज तयार होऊन परत तारेत जायची आणि ब्रेकचंही काम व्हायचं. म्हणजे भरलेली मालगाडी उतरताना वर चढणाऱ्या गाडीला हातभार लावायची. तेवढा ठाकुर्लीचा कोळसा वाचायचा. मामाने हे सांगितलं तेव्हा तो तरुण म्हणाला, "काका, आमच्या आत्ताच्या नव्या इंजिनातही हेच आहे. उतरताना मीटर उलटा फिरतो." मामाला हे ठाऊक होतं, पण नव्या पोराच्या तोंडून ऐकताना त्याचा चेहरा उजळला.

बोगद्यामागून बोगदे. मध्येच ढग डब्यात शिरला आणि सगळ्यांचे चष्मे धूसर झाले. एहेगावच्या पुलावर खालची दरी एकदम उघडते. हा पूल दरीच्या तळापासून सुमारे १८२ फूट उंच आहे. कॅच सायडिंगही मामाने दाखवली. उतरणारी गाडी काबूत राहिली नाही तर तिला वळवून चढावर नेणारा तो फाटा. पूर्वी घाटात एक उलटापालटीचं स्टेशनही होतं. गाडी एका तोंडाने आत जायची आणि इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने बाहेर पडायची. पुढे मार्ग बदलून ते काढून टाकलं. वाफेच्या काळात हा चढ चढताना फायरमनला मान वर करायला मिळत नसे. तो तरुण म्हणाला, "मी आयुष्यात इंजिनात कोळसा टाकलेला नाही. कसा टाकायचे?"

इगतपुरीला उतरलो. पाऊस थांबला होता. फलाटावरच मामाने माझी लांब दांड्याची छत्री उलटी धरली, पाय फाकवून उभा राहिला आणि त्या मुलाला बेलचा कसा चालवायचा ते दाखवू लागला. डावा हात पुढे, उजवा मागे, कंबर वळवायची, दांड्याने दिशा द्यायची. एक खेप डाव्या मागच्या कोपऱ्यात, एक उजव्या, एक दाराजवळ. पातळ थर, कुठेही ढीग नाही. प्रत्येक खेपेला भट्टीचं दार उघडायचं आणि लगेच बंद करायचं, नाहीतर गार हवा आत जाते. दोन हमाल, भजीवाला आणि काही मुलं गोळा झाली. भजीवाल्याने विचारलं, "धुरावरून खरंच कळायचं का?" मामा म्हणाला, "काळा म्हणजे कोळसा वाया चाललाय. अजिबात नाही म्हणजे आग मंदावली. फिकट राखाडी दिसला की समजायचं फायरमन कामाचा आहे." त्या दिवशीच्या मिरची-भज्यांचे पैसे त्याने आमच्याकडून घेतले नाहीत.

इगतपुरी १९३० नंतर बरीच वर्षं कोळसा आणि वीज यांच्या सीमेवरचं गाव होतं. मुंबईकडून विजेचं इंजिन यायचं, इथे सुटायचं आणि पुढे भुसावळकडे वाफेचं लागायचं. १९६०च्या दशकाच्या अखेरीला पलीकडेही तारा आल्या, पण त्या ए.सी.च्या, म्हणजे मुंबईकडच्या डी.सी.पेक्षा वेगळ्या विजेच्या, म्हणून इंजिन बदलणं आणखी कित्येक वर्षं चालूच राहिलं. मामाची कितीतरी जेवणं इथल्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रामगृहात, झाली आहेत. आता कोळशाच्या गाड्या घाटाच्या वरच नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात रिकाम्या होतात, असं तो तरुण म्हणाला. म्हणजे आपल्या घरातले दिवे आणि कोळसा वाहणारी रेल्वे यांचं नातं अजून तुटलेलं नाही.

परतीला संध्याकाळची गाडी घेतली. उतरताना लेक मामाला विचारत होती, आत्ता आपली गाडी वीज परत देतेय का?

मुलांना घेऊन एवढं लांब जाणं जमणार नसेल तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जा. तिथे बाहेरच्या आवारात खेकडा इंजिन उभं केलेलं आहे. चाकांना जोडणारे दांडे हात लांबवून मोजता येतील इतके जवळ आहेत. ठाण्याहून जाणार असाल तर दादरला उतरून बस किंवा टॅक्सी घ्या, आणि मुलांना हेही सांगा की हे इंजिन ज्या विजेवर घाट चढायचं, ती ठाकुर्लीला कोळसा जाळून निघत होती.